रुपालीला मामा किती?

मल्हारी लांडग्याला भीत नसे. तरुणपणी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचा तेव्हा कळपावर लांडगा आला, तर हा गडी एक काठी आणि तोंडभर शिव्या एवढ्या भांडवलावर त्याच्या मागं धावत सुटायचा. विंचवाला तो अनवाणी पायाच्या टाचेनं रगडायचा. बायको सखूबाई शेजारणींना सांगे, "आमच्या ह्यास्नी देवानं भ्याच दिलं न्हाई." सखूबाईचं हे नवऱ्यावरचं प्रेम झालं. देवानं मल्हारीला भीती भरपूर दिली होती, ती फक्त जनावरांसाठी नव्हती.

इस्त्रीचा सदरा समोर आला की मल्हारीच्या तोंडातली थुंकी वाळायची. तलाठी, एसटीचा कंडक्टर, बँकेतला शिपाई, कुणीही चालायचं. आणि निमोण्याचे कोंडिबा आबा समोर आले तर विचारायलाच नको. आबा सोसायटीचे चेअरमन, तीस एकर उसाचे धनी, गावातलं मोठं घर. गेल्या तीन पिढ्यांत त्या घराच्या उंबऱ्याच्या आत मल्हारीच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं. अंगणात उभं राहायचं, "जी" म्हणायचं आणि परतायचं. त्यात मल्हारीला अपमान वाटत नसे. सूर्य पूर्वेला उगवतो तसंच ते, असं तो मानायचा.

चरायला रानं उरली नाहीत तेव्हा त्यानं कळप मोडला आणि धनगरवस्तीला लागून असलेल्या चार एकरांत कांदा-बाजरी करू लागला. राहवेना म्हणून दहा-बारा मेंढरं ठेवली. म्हातारी आई अजून लोकर कातायची, तिच्या घोंगड्या विणून घेतल्या जायच्या. पोरगी एकच, रुपाली. बारावी झाली आणि शिरूरच्या कॉलेजात जायला लागली, तेव्हा वस्तीवरची एसटीनं कॉलेजला जाणारी ती पहिली पोरगी. सकाळी ती वह्या छातीशी धरून फाट्याकडे निघाली की मल्हारी बांधावर उभा राहून तिच्या पाठीकडे बघायचा. निम्मा अभिमान आणि निम्मी धास्ती, अशी त्याची दृष्टी असायची. संध्याकाळच्या गाडीतून ती उतरेपर्यंत तो काही धड काम करत नसे.

नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यात कोंडिबा आबांचा धाकटा मुलगा सत्यजित मोटारसायकलवरून मल्हारीच्या दारात आला. घोंगडी पाहिजे म्हणाला. मल्हारीनं जी जी करत चार घोंगड्या पसरून दाखवल्या. सत्यजितनं त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. "आबांना विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला.

मल्हारी तिथंच उभा राहिला. मोठ्या घरातून घोंगडीला माणूस येतो तो सालगडी. तो खाली बसतो, बोटानं वीण चाचपतो, भाव पाडतो, आणि खांद्यावर टाकून घेऊन जातो. घरचा मुलगा, तोही पॅन्ट-शर्टातला, घोंगडीसाठी धनगराच्या दारात येत नाही. म्हणजे घोंगडी हे निमित्त होतं. एवढं मल्हारीनं बरोबर ओळखलं. गोची अशी की पुढचं सगळं त्यानं चुकीचं ओळखलं.

दुसऱ्यांदा सत्यजित आला तेव्हा ओसरीवर बसला आणि चहा प्याला. मोठ्या घरातलं माणूस आपल्या भांड्यातला चहा पितंय हे बघून म्हातारीनं पदराआडून हात जोडले. आणि बोलता बोलता तो पोरगा त्याला "आप्पा" म्हणाला. आजवर त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला "ए मल्हारी" म्हणत आलं होतं. रुपाली पाण्याचा तांब्या ठेवायला आली, तर सत्यजित तिच्याकडे बघून ओळखीचं हसला. ती पण हसली. मल्हारीनं ते पाहिलं.

तिसऱ्यांदा त्यानं घोंगडीचं नावही काढलं नाही.

"आप्पा, रुपालीला मामा किती?"

"येकच हाय, मालक. रखमाजी. न्हावऱ्याच्या पल्याड ऱ्हातो."

"त्यांना मुलं?"

"तिघी लेकी."

"म्हणजे मुलगा नाहीच?"

"न्हाई, मालक."

"बरं झालं!" सत्यजित म्हणाला, टाळी वाजवल्यासारखे हात चोळले, आणि मोटारसायकलला किक मारून धुरळा उडवत गेला.

आता हा प्रश्न वस्तीवरच्या कुणी विचारला असता, तर मल्हारीनं त्याला हाताला धरून घोंगडीवर बसवलं असतं. पोरीवर पहिला हक्क मामाच्या पोराचा. त्यामुळे कुणाच्या पोरीची चौकशी करायची झाली की आधी हेच विचारायचं, मामाला मुलगा आहे का, पोरगी तिकडं बोललेली तर नाही ना. ही सोयरिकीची पहिली पायरी, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. पण विचारणारा मोठ्या घरचा. त्या घराची आणि या घराची सोयरीक व्हायची तर नदी उलटी वाहायला पाहिजे. मग हा मामा कशाला मोजतोय?

मल्हारीला त्याचं एकच उत्तर सुचलं. पोरीवर काही बाका प्रसंग आला तर बापाच्या पाठोपाठ काठी घेऊन धावतो तो मामा आणि मामाची पोरं. तिच्या मागं गडीमाणसं किती, ते हा पोरगा मोजून गेला. आणि आपणच त्याला सांगितलं, एकच हाय, त्याला बी पोरगं न्हाई. त्यावर तो "बरं झालं" म्हणाला. अशा पोरींच्या गोष्टी त्यानं ऐकलेल्या होत्या. कुणी ऐकलेल्या नसतात?

"आवं, पोरीला इचारू का?" सखूबाईनं हळूच म्हटलं.

"गप ऱ्हा!" मल्हारी असा ओरडला की दावणीची मेंढरं बिचकली. "तिच्याम्होरं शबूद काढायचा न्हाई. काढलास तर माझ्यावानी वंगाळ कोन न्हाई."

सखूबाई चुलीशी गेली. लग्न झाल्यापासून नवरा तिच्यावर असा ओरडलेला नव्हता.

विचारायचं नाही म्हटल्यावर मल्हारीनं नुसतं बघायला सुरुवात केली, आणि भ्यालेला माणूस बघायला लागला की त्याला हवं ते सगळं दिसतं. रुपाली भाकरी थापताना गुणगुणत होती. आपला एकुलता बरा ड्रेस दर दोन दिवसांनी धुऊन वाळत घालत होती. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की काहीतरी काम काढून दाराशी येत होती. मल्हारी तिला फाट्यापर्यंत सोडायला जाऊ लागला, तर ती म्हणाली, "आप्पा, तुमी कशाला येताय? मी काय ल्हान हाय व्हय?" यातही त्याला काहीतरी दिसलं. त्याचं जेवण कमी झालं. कांद्याला पाणी देताना तो दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं विसरला आणि निम्मं वावर तुंबवून बसला.

अशात तो सोसायटीच्या कचेरीत खताच्या कामाला गेला होता. कोंडिबा आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मल्हारी, येत्या रविवारी घरीच थांब."

"जी."

"आम्ही येतोय तुझ्याकडं. चार माणसं असू."

"जी."

"आन् पोरीला बी घरातच ठिव. कुठं धाडू नकोस." आबा मिशीत हसले. "आरं, तोंड कशापायी पाडतोस? भिऊ नकोस!"

कचेरीतला क्लार्क फिस्सकन हसला. मल्हारीला दरवाजा सापडेना.

मोठ्या माणसांना एक खोड असते. आपण येतोय एवढं सांगितलं की झालं, कारण कशाला सांगायचं, असं त्यांना वाटतं. आणि मल्हारीसारख्यांना दुसरी खोड, ते कारण विचारत नाहीत. आबा एक वाक्य जास्त बोलले असते किंवा मल्हारीनं "कशापायी, आबा?" एवढं विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तसं दोघांच्याही बापजाद्यांनी कधी केलं नव्हतं.

मल्हारी घरी गेलाच नाही. गावातल्या फोनवर बोललं तर भिंतींना कान, म्हणून चालत न्हावऱ्याला गेला आणि तिथल्या एसटीडी बूथवरून दौंडला बहिणीच्या शेजाऱ्यांचा पीपी नंबर लावला. बहीण कस्तुराबाई धापा टाकत फोनवर आली.

"आक्के, तू म्हणत व्हतीस त्यो ज्ञानदेव... त्येला हां म्हन."

ज्ञानदेव हा दौंड स्टेशनात पार्सलची गाडी ओढणारा, चाळिशीकडे झुकलेला विधुर. पहिल्या बायकोचं एक पोर होतं. माणूस दारू पीत नसे, पण बोलतही नसे. दिवाळीत कस्तुराबाईनं हे स्थळ काढलं तेव्हा मल्हारी जेवत्या ताटावरून उठला होता. पोरगी काय रस्त्यावर सापडलीय का, म्हणाला होता.

"मल्हारी, काय झालं रं?"

"रविवारी भंडारा उचलायचा, शबूद पक्का करायचा. म्या शनवारीच येतो समद्यास्नी घिऊन. आन् आक्के, तुज्या पाया पडतो, गावात कुणाला कळू दिऊ नगंस."

आत्या आजारी आहे असं सांगून त्यानं शनिवारी रुपालीला आणि सखूबाईला एसटीत बसवलं. घराला कुलूप, म्हातारी भावकीत, मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली. न्हावऱ्याला गाडी बदलताना एक पांढरी जीप जवळून गेली, तर त्यानं रुपालीचं डोकं हातानं खाली दाबलं. पोरगी बापाकडे बघतच राहिली.

दौंडात रेल्वे लायनीपलीकडच्या बोळात कस्तुराबाईचं दोन खोल्यांचं घर. आत्या चुलीपुढं चांगली धडधाकट बसून करंज्या तळत होती. खुंटीवर नवी साडी, कोपऱ्यात नारळ. रुपालीनं एकेका वस्तूकडे पाहिलं. मग बापाकडे वळली.

"आप्पा, ह्ये काय हाय?"

"तुज्या भल्याचं हाय."

"आप्पा, उद्या रविवार हाय. उद्या आपल्या घरी..."

"उद्याचं नाव काढू नगंस!" मल्हारी पिसाटासारखा ओरडला.

म्हणजे हिला रविवार माहीत होता. आबा येणार, चार माणसं येणार, हे हिला आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. कुणी सांगितलं हे विचारायची गरजच त्याला वाटली नाही. उरलीसुरली शंका फिटली. रुपाली आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सखूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. बोलायची तर तिला बंदीच होती.

रविवारी दुपारी ज्ञानदेवाकडची पाच-सहा माणसं आली. घोंगडी अंथरली. मधोमध ताटात हळदीचा भंडारा ठेवला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यात हात घालून बिरोबाचं नाव घ्यायचं, की शब्द पक्का. तो मोडणाऱ्याला देव सोडत नाही आणि त्याआधी भावकी सोडत नाही. ज्ञानदेवाच्या चुलत्यानं मूठ भरली. मल्हारीनं हात पुढं केला आणि बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

पांढरी जीप. कोंडिबा आबा उतरले. मागून सत्यजित. त्याच्यामागं लाल पटक्याचा एक दांडगा म्हातारा, मल्हारीनं कधी न पाहिलेला. आणि एक तरुण जीपला टेकून उभा राहिला. चार माणसं. मल्हारीनं ती मोजली आणि त्याच्या मनात एकच गोष्ट आली, संपलं. आपण पळवून आणलेली पोरगी हे शोधत आले. आता आपल्या डोळ्यांदेखत तिला ओढून नेणार.

तो अनवाणी बोळात धावला आणि सगळ्यांसमोर आबांच्या पायांवर कोसळला.

"आबा, माजी चूक झाली! पोरगी अजाण हाय वो! धाकल्या मालकास्नी तिचा नाद लागला, तिला बी लागला आसंल, पर म्या आज तिला दिऊन टाकतोय. पुन्यांदा तुमच्या गावात न्हाई दिसायची. तिला काय करू नगा. मारायचं तर मला मारा!"

बोळातल्या प्रत्येक दारात माणूस उभं होतं. नळावरच्या बायकांनी हंडे तसेच ठेवले. एवढं सगळं ऐकू आल्यावर कोण घरात बसेल?

आधी ज्ञानदेवाचा चुलता उठला. हातातला भंडारा त्यानं ताटात झटकला, टोपी घातली आणि म्हणाला, "आमी गरीब हाय, पर मोठ्या घरचं उष्टं घेत न्हाई." सगळी माणसं त्याच्यामागं बोळाबाहेर पडली. ज्ञानदेव जाताना एकदा वळला, काहीतरी बोलणार होता, पण तो बोलणाऱ्यातला नव्हता.

कोंडिबा आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"काय म्हणालास? माझा सत्यजित? आन् तुझ्या पोरीला?"

पोरावर बदफैलीचा आळ आला याचा राग त्यांना आलाच. त्याहून मोठा राग दुसऱ्या गोष्टीचा होता. आपल्या घरचं पोरगं धनगराच्या पोरीत जीव गुंतवील, असं कुणाच्या मनात तरी येऊ शकतं! गरिबाच्या पोरीचं भलं करायला आबा जीप काढून दोन तालुके तुडवत आले होते, ते चांगुलपण खोटं नव्हतं. पण ते कुठवर पुरतं, हे त्या एका वाक्यात सगळ्यांना दिसलं.

"आप्पा," सत्यजित रडवेला होऊन म्हणाला, "अहो, मी बिरदेवसाठी विचारत होतो! हा माझा मित्र, तुमच्याच समाजातला. कवठे येमाईच्या तात्याबांचा मुलगा, रांजणगावला कंपनीत आहे. रुपाली मामाच्या मुलाला बोललेली आहे का, तेवढं बघून ये, म्हणाला. त्याचे वडील नकार ऐकून घेणारे नाहीत, म्हणून आधी मी आलो. आज आबा त्यांना घेऊन तुमच्याकडे निमोण्याला आले, तर घराला कुलूप. तुमच्या आईनं सांगितलं दौंडला बहिणीकडे गेलेत, पत्ताही दिला, म्हणून इथवर आलो."

जीपला टेकलेल्या तरुणानं मान खाली घातली होती.

मल्हारी धुळीत बसून होता. त्याच्या अंगावर कुणी धावून आलं नाही, कुणी हात उगारला नाही. ज्याला तो महिनाभर भीत होता ते जगात कुठं नव्हतंच. पण आता खरी भीती त्याला शिवली. पोरीच्या नावाला बट्टा लागेल म्हणून तो तिला लपवून आणत होता, आणि तो बट्टा भर बोळात, वरपक्षाच्या माणसांपुढं, त्यानं स्वतःच्या तोंडानं लावला होता. बोललेलं परत कसं घ्यायचं? त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

लाल पटक्याचे तात्याबा जीपकडे वळले. "चला, आबा. बापच लेकीवर आसं बोलतोय, तर आपून काय बोलायचं?"

"मी बोलू का?"

रुपाली दारात येऊन उभी राहिली होती. रडून डोळे सुजलेले. सखूबाईनं मागून तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला.

"सत्यजितदादांशी मी कवाच येकटी बोललेली न्हाई. जीपला टेकल्यात ह्यांच्याशी दोनदा बोललीय. शिरूरच्या स्टँडवर, माणसांत. वडिलांना घेऊन येतो, तुझी काय हरकत न्हाई ना, आसं म्हणले. मी हरकत न्हाई म्हणलं. आन् रविवारी येणार, येवढा निरोप मला व्हता. बाकी कायबी न्हाई. आता तुमास्नी जायाचं तर जावा. पर आमचे आप्पा खोटं न्हाई बोलले. भ्याले."

तात्याबांनी आपल्या पोराकडे पाहिलं. बिरदेव वर न बघता बापाला म्हणाला, "दादा, मी इथून नाही येत."

म्हातारा मिशा ओढत उभा राहिला. मग पायातले जोडे काढले, आत येऊन घोंगडीच्या कडेला बसला आणि कस्तुराबाईला म्हणाला, "बाय, पाणी द्या." पाणी मागितलं म्हणजे माणूस बसला. सखूबाईच्या जिवात जीव आला.

आबा आत आले नाहीत. ते जीपमध्ये बसून राहिले, तेवढा वेळ त्यांनी पाण्यालाही हात लावला नाही.

लग्न वैशाखात कवठ्याला झालं. कोंडिबा आबा आले नाहीत. सत्यजित आला, पण वरपक्षात उभा राहिला. मल्हारीला तो पुन्हा "आप्पा" म्हणाला नाही, मल्हारीही त्याच्याशी काही बोलायला गेला नाही. सोसायटीत खत वाटताना मल्हारीचा नंबर त्यानंतर कायम शेवटी लागायचा. त्याची त्यानं कुठं तक्रार केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रुपाली चार दिवस माहेराला आली. बाप-लेक झाडाखाली कांदा कापत बसले होते, तो विळ्यानं पात कापायचा आणि ती कांदे डालग्यात टाकायची.

"आप्पा, येक इचारू? रागवू नगा."

"इचार की."

"त्या वक्ताला तुमी मला येकदा बी का इचारलं न्हाई? मी तर घरातच व्हते. 'रुपे, काय भानगड हाय,' येवढं म्हणला आसता तर समदं सांगितलं आसतं."

मल्हारी कापत राहिला.

"इचारलं आसतं," तो शेवटी म्हणाला, "आन् तू व्हय म्हणली आसतीस तर?"

"पर तसं नव्हतंच की, आप्पा."

"मला काय ठावं? येकदा घाटाखाली मेंढरं घिऊन व्हतो. तवा तू झाली बी नव्हतीस. एका गावात हिरीतनं पोरगी काढली. तुज्याच वयाची. मोठ्या घरच्या पोरासंगं बोलायची, म्हनं. समदं गाव म्हणत व्हतं, पाय घसरला." त्यानं विळा बाजूला ठेवला. "ते पयल्यांदा कोन म्हणलं ठावं हाय? तिचा बाप. हिरीच्या काठाला हुबा ऱ्हाऊन. म्या त्येच्या तोंडाकडं बघत व्हतो, रुपे. कुणी ढकललं ते त्येला ठावं व्हतं, भ्यानं पांढरा पडला व्हता. मोठ्या घरचं भ्या मला व्हतंच. पर तू व्हय म्हणली आसतीस, आन् मला त्येच्यावानी बोलाया लागलं आसतं तर? म्या बोललो नसतो, आसं मला छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई."

रुपालीनं हातातला कांदा खाली ठेवला. ती बापाजवळ सरकली नाही आणि उठूनही गेली नाही. मग तिनं त्याच्या बाजूचा विळा उचलला आणि उरलेला कांदा ती कापू लागली.